आबा, समुद्र पाहायला या

सुरत,
हनुमान जयंती, १९७२

प्रिय आबा,

तीर्थरूप, शिरसाष्टांग वगैरे जे काय वर लिहायचं असतं ते लिहिलंय असं समजा. चौथीपर्यंतच शिकवलंत, तेवढ्या जोडाक्षरांतच माझी शाई संपायची. शालिग्राम, हे पत्र आबांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळलंस तर याद राख, मी तुझी थोरली बहीण आहे. आणि आबा, तुम्हीही मधेच उठून गोठ्यात जाऊ नका. नको ती गोष्ट निघाली की तुमच्या बैलांना नेमकी तहान लागते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

परवा चिंधा गावाकडून आला. त्याचं घर नव्या गावठाणात गेलं, आता इथे आमच्याच कारखान्यात मागावर लागलाय. म्हणाला, जुन्या गावात आता एकाच घराचा धूर निघतो, तो तुमचा. बाकीचे लोक कौलं, दारं, तुळया काढून घेऊन गेले. शालिग्रामची बायकोपोरंसुद्धा गेली, आणि तो बिचारा तुम्हाला एकट्याला सोडवेना म्हणून तुमच्यापाशी चूल फुंकत बसलाय. या पावसाळ्यात उकाईच्या धरणाचं पाणी आपल्या ओट्यावर येणार, असं सरकारी माणसं कितीदा सांगून गेली. तुम्ही त्यांना चहा पाजता, तापीमायच्या जुन्या गोष्टी सांगता आणि वाटेला लावता. चिंधा हे हसत हसत सांगत होता. मला मेलीला पुढची भाकरी थापता येईना.

म्हणून म्हणते, आबा, थोडे दिवस इकडे या. तुम्ही तर केवढे हौशी! कापसाच्या गाड्या घेऊन नंदुरबार, नवापूर, सोनगड पालथं घातलंत. वाटसरू दिसला की त्याला थांबवून, तुझ्या गावाला काय पाहण्यासारखं आहे, हे विचारायचात. आणि सुरतेला आलात तेव्हा काय पाहिलंत? विमलच्या बारशाला आलात, तापीकाठच्या किल्ल्याच्या भिंतीवर हात फिरवून “चुना चांगला शे” म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी गाय व्यायला झाली म्हणून पळालात. जवळच डुमसला समुद्र आहे, तो तसाच राहिला. गाय तुमच्यावाचून व्याली नसती का हो?

तुमच्या जावयांना शनिवारी सुटी असते. कारखान्याची वीज त्या दिवशी बंद. बाकीचे लोक पत्ते कुटतात, आम्ही तिघं फिरतो. तुमची खोड माझ्यात आलीय, दुसरं काय! कतारगाम दरवाजाजवळ गोऱ्यांचं जुनं कब्रस्तान आहे. इंग्रज आणि वलंदेज, म्हणजे डच, व्यापाराला आले आणि इथेच मेले. कबरी कसल्या, देवळंच म्हणा, एवढे घुमट आणि खांब. आता तिथे बकऱ्या सावलीला बसतात. तुमची नात सगळं गुजरातीतच बोलते, तिने विचारलं, “एमनुं गाम क्यां?” यांचं गाव कुठे? जावयांनी समुद्रापलीकडे हात केला. मी विमलला बकऱ्या दाखवायला लागले. हल्ली गाव शब्द निघाला की माझं असंच होतं.

एकदा नवसारीवरून दांडीला गेलो. गांधीबाबांनी मीठ उचललं ते गाव. तुम्ही तेव्हा जवान होतात, आपल्या गावातही त्या वर्षी लोकांनी काय काय केलं ते सांगायचात. मला वाटलं होतं मोठं काही असेल, तर साधा किनारा, झाडं आणि वारा. पण डुमसचा समुद्र पाहाच, आबा. तिथली वाळू काळी आहे, आपल्या कपाशीच्या रानासारखी. तुम्ही खाली वाकून चिमूटभर बोटांत चुरडून पाहिली असतीत आणि म्हणाला असतात, इथे काही पिकायचं नाही. तिथे गरम भजी खायची आणि नुसतं बसायचं. आपल्या घाटावरून वाहत येणारी तापी त्याच बाजूला समुद्राला मिळते. मी जावयांना म्हटलं, हे पाणी माझ्या माहेराहून आलंय. ते म्हणाले, मग पाय धू की! हसायचं सोडून मी रडले. चारचौघांत. चांगली शोभा झाली.

फिरलेल्यांपैकी एक ठिकाण मात्र मी सांगू की नको करत होते. संक्रांतीनंतर आमची चाळ ट्रक करून उकाईचं धरण पाहायला गेली. पुऱ्या, चटणी, बायकांची गाणी, सगळा थाट. वाटेत सोनगडचा गायकवाडांचा किल्ला दिसला, तेव्हा मीच सगळ्यांना तुमच्या गाडीच्या गोष्टी सांगितल्या. मग ती भिंत आली. केवढी भिंत, आबा! माणसं खाली मुंग्यांएवढी. आमची शेजारीण शोभाबाई तिच्याकडे बघून हात जोडून उभी राहिली. अडुसष्टच्या पुरात तिचं भांडंकुंडं, शिवणयंत्र, सगळं तापीत गेलं. म्हणाली, आता आपली लेकरं नाही बुडणार, भागीबाई. आणि ती खोटं बोलत नव्हती. त्या पुरात मीही विमलला कडेवर घेऊन कारखान्याच्या माडीवर उभी होते, खाली चाळीचं छप्पर दिसत नव्हतं. ती भिंत माझ्या लेकीला वाचवणार आणि माझ्या बापाचं घर बुडवणार. मी शिव्या तरी कोणाला देऊ? इकडे आड, तिकडे विहीर. बायका पुऱ्या खात होत्या. मी पाणी जिकडून येतं तिकडे बघत बसले. तिथून आपलं गाव दिसत नाही.

आता मन घट्ट करून लिहिते. गेल्या साली गाव उठलं तेव्हा तुम्ही पंचांना सांगितलंत, “मन्ही भागी आखाजीले ई, मंग उठसू.” सगळ्यांना पटलं. आखाजीला सासुरवाशीण माहेरी येणार, तिला उभं करायला घर नको? मी आले. तुम्ही निंबाला झोका बांधलात, सांजोऱ्या झाल्या, गौराईची गाणी झाली. गावात आम्ही चारच बायका होतो, तरी गळा काढून गायलो. मी परत सुरतेला आले आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. आता चिंधा सांगतो, या वर्षीही तेच वाक्य. मला लुगडं घेऊन ठेवलंय, आणि शालिग्राम मला आणायला मुराळी म्हणून निघणार आहे.

आबा, तुम्ही माझं नाव पुढे करता, पण तुम्हाला मायने धरून ठेवलंय, हे मला कळत नाही का? तिला घाटावर अग्नी दिला ती जागा पाण्यात जाणार. तुम्ही रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसता, तेही चिंधाने सांगितलं. माझीही ती मायच होती. पण तुम्ही पाण्यात उभे राहिलात म्हणून ती परत येणार नाही, आणि मला एकाच नदीत दोघं द्यायची नाहीत.

मला धरण फोडता येत नाही. तुम्हाला उचलून बैलगाडीत घालता येत नाही. परक्याच्या घरी दिलेल्या लेकीच्या हातात असतं तरी काय? येणं किंवा न येणं, एवढंच. तर आबा, शालिग्रामला पाठवू नका. या आखाजीला मी येणार नाही. दारात आलेला मुराळी रिकामा फिरवणारी आपल्यात कोणी ऐकली नाही, माझी सासू तर कानांवर हात ठेवील. पण तो आलाच तर मी त्याला जेवू घालीन आणि एकट्यालाच परत लावीन. गौराई माझ्यावर कोपली तर कोपू दे. याने तरी तुम्ही उठाल का, ते मला माहीत नाही. उठला नाहीत तर मी काय करायचं, तेही माहीत नाही. लेक उलटली, माहेराला लाथाडून बसली, असं खुशाल म्हणा, भरपूर शिव्या द्या मला. फक्त त्या नव्या गावच्या ओट्यावर बसून द्या.

तुमचीच, तुमच्यावर रागावलेली,
भागी