नकाशातला कोपरा

मुक्काम साखरा
दसऱ्याचा दुसरा दिवस, शके १८६०

चि. संतराम यास दगडोबाचा रामराम. आशीर्वाद शेवटाला लिहितो, उरला तर.

न्हाई, मी रागावलेलो न्हाई. रागवायला येळ लागतो आन हितं ज्वारीची पेरणी तोंडावर आलीय. तुझं पाकीट सटवाजीनं गोरेगावच्या बाजारातून आणलं. उघडलं तर आत आपल्या परसाचा नकाशा. निळ्या शाईचा. ज्या परसात तू नागडा हिंडला ते परस तू मला कागदावर दाखवून राहिला.

मधोमध 'रविश' लिहिलंस. हा रविश कोण, आन त्याला माझ्या परसात आडवा काहून पाडायचा, हे तुझ्या वहिनीला समजंना. मला बी न्हाई. शेवटी गोरेगावच्या मास्तरानं सांगितलं की नवाबाच्या बागंत वाटंला रविश म्हणतात. मंग वाट म्हण ना. वाट म्हणलं तर तुझा पगार कटतो का?

दुसरं, वाटंच्या दोहीकडं हराळी लावा म्हणतोस. संतराम, आपल्या बापाची कंबर हराळी खांदण्यात गेली. मरायच्या आदल्या दिवशी बी तो वावरातून हराळीचा भारा घेऊनच आला. आन तू ती दारात आणून लावा म्हणतोस, वर तिला पाणी घाला म्हणतोस. मी हे चावडीवर बोलून बसलो, चूक माझीच. सटवाजी म्हणला की दादा, माझ्या वावरातली चार गाड्या हराळी फुकट न्या, वरून तुमच्या गड्यांला जेवाय घालतो. आठ दिवस झाले, गाव मला हराळीवाले म्हणून राहिलं.

तरी ऐक. उकिरडा परसाबाहीर न्यायचं बराबर हाय, तो नेला. कडब्याची गंजी गोठ्यामागं रचली. न्हाणीचं पाणी दारात साचत होतं, त्याला नाली काढली. वाट बी पाडीन. पण लिंबामागच्या कोपऱ्यात हौज काढलास, ते जमणार न्हाई. तिथला दगडाचा ढीग हाय तिथंच ऱ्हाईल. त्याला कुदळ लागणार न्हाई. हौजाजवळ तू बारीक अक्षरात काहीतरी खरडलंस. ते माझ्या डोळ्याला दिसत न्हाई आन दिसायची गरज बी न्हाई.

धाकट्या सूनबाई शालू बऱ्या हायेत. लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे, वाढवायची घाई न्हाई.

दगडोबा


हैदराबाद
१५ ऑक्टोबर १९३८

तीर्थरूप दादांच्या पायावर संतरामचं डोकं. इकडं खुशाली. तिकडं बी असावी, पण तुमच्या पत्रावरून तसं वाटलं न्हाई.

दादा, तुमी हसा. सटवाजीला बी हसू द्या. नवाबसाहेबांच्या बागेत माझ्या हाताखाली अकरा माळी हायेत. मी बोट दाखवलं की दहा वर्षांचं झाड मुळासकट उठून दुसरीकडं जातं. आन माझ्या सोताच्या परसात चार दगड हलंनात. हराळीचं म्हणाल तर इथं तिलाच पाणी घालतात, तिच्यावर गालिच्यासारखं बसतात. आपण तिला वैरी केलं म्हणून ती वैरी.

आता हौजाचं. उन्हाळ्यात मी आठ दिवस घरी होतो. शालू माझ्यासंग चार शब्द बोलली न्हाई. सकाळचं काम उरकलं की त्या ढिगाकडं तोंड करून बसायची. अंगावर ऊन आलं तरी उठायची न्हाई. घरात तिला टेकायला जागा न्हाई म्हणून ती तिथं बसते, हे मला दिसतं, तुमाला दिसत न्हाई. वहिनींला राग येईल, येऊ द्या. म्हणून मी ठरवलं, तिला जर तोच कोपरा आवडतो, तर तिथले धोंडे उचलायचे आन गार हौज बांधायचा, बसायला कट्टा करायचा. बायकोसाठी माणसानं येवढं बी करू नये का?

तुमी काहून न्हाई म्हणता ते लिहीत न्हाई, नुसतं न्हाई म्हणता. लहानपणापासून तेच. परस माझं बी हाय. वाटणी मागायला मला लाज वाटते, पण तुमी मागायला लावाल. तांड्यावरच्या वसरामला मी परस्पर निरोप धाडलाय. तो बेलदारीत, दगडकामात, हुशार हाय. भाऊबीज झाली की दोन माणसं घेऊन येईल आन कोपऱ्यापासून काम धरील. पुसाच्या महिन्यात मी येतो तेव्हा मला हौजात पाणी दिसलं पाहिजे.

वहिनींला नमस्कार. तुमचा लोभ मागितला तरी मिळत न्हाई, म्हणून मागत न्हाई.

संतराम


मुक्काम साखरा
भाऊबीजेनंतर पाचवा दिवस

संतरामास,

तुझा वसराम आला. आता बसून वाच, उभ्यानं वाचू नको.

मी बैलाच्या खुरांला पत्र्या ठोकायला कनेरगाव नाक्याला गेलो होतो, हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. त्यानं लिंबाखाली नकाशा पसरला, कोपऱ्यात पावलं मोजली आन गड्याला पहिला धोंडा उचलाय सांगितलं. तुझी वहिनी सुमन आडवी आली, त्यानं तुझा निरोप दाखवला. मालकाचा हुकूम म्हणला. तेवढ्यात शालू हातातलं सूप टाकून आली आन ढिगावर बसली. पदर खाली ओढला आन बसली. सुमननं सटवाजीला माझ्याकडं पळवला.

मी आलो तवा दिवस कलला होता. ती तशीच. वसराम कुदळ पायाशी ठेवून उभा, त्याचे गडी बिडी बी ओढंनात. मी सुमनला म्हणलो, तिला इचार काय म्हणणं हाय. तुला ठाऊक हाय, थोरल्या दिरासंग धाकटी बोलत न्हाई. ती या घरात आली त्याला नऊ वर्सं झाली, तिचा आवाज मी भिताडाआडूनच ऐकलाय. तर संतराम, ती सुमनकडं वळली न्हाई. पदराआडून ती मलाच बोलली. म्हणली की दादा, हितं खांदायचं आसंल तर आदी मला उचलून बाजूला ठेवा.

आता मी कसा उचलू? थोरल्या दिरानं धाकटीच्या पदराला बी हात लावायचा नस्तो. वसराम परका. सटवाजी परका. तिनं बराबर कुलूप घातलं. तिला तिथून उचलणारा एकच माणूस, आन तो हैदराबादेत नवाबाच्या गुलाबाच्या फांद्या छाटून राहिला.

'काहून न्हाई म्हणता' असं इचारलंस ना, घे.

दोन वर्सांमागं मार्गशीर्षात तुला पोरगी झाली. मी कार्ड धाडलं. नवव्या दिवशी गेली. बारसं झालं न्हाई, नाव ठेवलं न्हाई. मी दुसरं कार्ड धाडलं. तुझा जवाब आला, तो माझ्या पेटीत हाय. पयल्या ओळीत लिहिलंस, देवाची मर्जी. दुसऱ्या ओळीत, शालूला जपा. तिसऱ्या ओळीपासून नवाबाच्या गुलाबाला कीड लागली ते पार खालपर्यंत. नऊ दिवसांच्या लेकराला आपल्यात जाळत न्हाईत, येवढं तर तुला ठाऊक असंल. मंग ते कुठं ठेवलं, हे तुला इचारावं वाटलं न्हाई. कार्डात न्हाई, यंदा उन्हाळ्यात आठ दिवस तिच्या म्होरं बसून जेवलास तवा बी न्हाई. लिंबामागं मी सोता खांदलं. कोल्ही येऊ नयेत म्हून वर धोंडे रचले. तुझी बायको रोज तिथं बसती. आन तू म्हणतोस, तिला घरात टेकायला जागा न्हाई. तुझ्या वहिनीनं हे वाक्य ऐकलं आन भाकरी तव्यावर करपू दिली. त्या बाईनं शालूला दोन महिने हातानं घास भरवलाय.

मी हे आदी काहून लिहिलं न्हाई म्हणशील. शालूनं सुमनकडून मला सांगून ठेवलं होतं, की ते इचारतील तवा सांगा, आपल्या होऊन सांगू नका. मी दोन वर्सं वाट पाह्यली. आता तू इचारलं न्हाईसच, खांदायला माणूस धाडलास. मंग माझं तोंड मोकळं झालं.

वसरामला कुणी काही सांगितलं न्हाई. पण त्यानं ढिगाकडं पाह्यलं, तिच्याकडं पाह्यलं आन पागोटं काढून खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मजुरी न घेता आला. ढिगाभवती गुडघाभर उंच, कोरड्या दगडाची भिंत घातली. तुझी वाट त्यानं पाडली, दोन्ही कडंला चुना मारलेले दगड लावले, तुझ्या नकाशाबरहुकूम पार सरळ. फक्त लिंबापाशी ती वळवून बाजूनं नेली. मी म्हणलो, मालकाच्या कागदात सरळ हाय. तो म्हणला की मालकाला हितं येऊन चालू द्या, मंग सांगतील.

वाटणी पाहिजे तर सांग. तेवढा कोपरा सोडून सगळं परस तुझं.

दगडोबा


हैदराबाद
९ नोव्हेंबर १९३८

तीर्थरूप दादांस,

पायावर डोकं ठेवायची माझी लायकी न्हाई, तरी ठेवतो.

पत्र आल्याला तीन दिवस झाले. मी कामावर जातो, अकरा माणसं माझ्याकडं बघतात, मला काय सांगायचं ते आठवत न्हाई. तुमच्यावर राग बी येतो दादा, तो लपवत न्हाई. तुमी दोन वर्सं माझी परीक्षा घेत बसलात. एक ओळ लिहिली असती तर? मी चुकलो, पण चुकणाऱ्याला कुणी हाक मारत न्हाई का? मला वाटलं, इचारलं तर तिला परत रडू येईल. इथं सगळे म्हणले, गेल्या लेकराचं बोलू नये. मी गुलाबाचं लिहिलं कारण दुसरं काही लिहिता येईना. त्या साली गुलाबाला कीड पडलीच नव्हती, दादा.

आता इचारतो. ती कुणासारखी होती? रंग कसा होता? तिला काय झालं होतं? रडत होती का? डोकं कुठल्या बाजूला ठेवलं? अंगावर काय घातलं? शालूनं तिला मनातल्या मनात काही नाव ठेवलंय का? दादा, सगळं लिहा, काही सोडू नका. लगोलग जवाब द्या. मी पुसात यायचा ते रजा मिळाली तर आधीच येतो, न्हाई मिळाली तर पुसात.

नकाशात हौजाजवळ मी काय लिहिलं होतं, ते तुमी वाचलंत का?

माझ्यावर लोभ नसला तरी पत्राला जवाब असावा.

संतराम


मुक्काम साखरा
कार्तिक सरता सरता

चि. संतरामास दगडोबाचा आशीर्वाद. या टायमाला पयलेच लिहिला.

रजा मिळाली तर येतो, असं लिहू नको. नवाबाला म्हणावं तुझे गुलाब आठ दिवस तूच बघ. तुझी बाग तुझ्यावाचून मरत न्हाई. बागा मरत न्हाईत, हराळी तर मुळीच मरत न्हाई. तुझ्यासाठी वाटंच्या कडंला चार हात लावलीय. सटवाजी रोज येऊन बघतो आन तोंडाला धोतर लावून जातो. शालूनं आपल्या हातानं तिला दोन घागरी पाणी घातलं, म्हून मी उपटली न्हाई. न्हाईतर बापाची शपथ, उपटली असती.

हौज झालाय. गोठ्यापाशी. बैल पाणी पितात.

मी परीक्षा घेतली म्हणतोस. व्हय, घेतली. ते माझं चुकलं आसंल. पण मी काही तुझ्यासारखा मुकादम न्हाई की बोट दाखवलं आन माणूस हललं. तू हलावास म्हून मी वाट पाह्यली. बस, येवढंच. यावर भांडायचं तर तोंडावर येऊन भांड.

तुझी बारीक अक्षरं मी मास्तराकडून वाचून घेतली. 'शालूची जागा' असं लिहिलंस. घरी आलो, भिताडाकडं तोंड करून उभा ऱ्हायलो आन सुमनला मोठ्यानं सांगितलं की त्या कोपऱ्यात संतरामनं असं लिहिलंय. आत चुलीपाशी भांडं वाजत होतं, ते थांबलं. थोड्या येळानं शालूनं सुमनकडून नकाशा मागून घेतला. कुठली अक्षरं ते तिनं बोटानं इचारून घेतलं. मंग तेवढा कोपरा फाडला आन पदराच्या गाठीला बांधला. बाकीचा नकाशा या पाकिटात परत धाडलाय. तुला लागत आसंल तर ठेव, आमचं काम झालं.

तू सात सवाल लिहिलेत. मी मोजले. नावाचा सोडून बाकी साऱ्यांचे जवाब मला ठाऊक हायेत, मीच तिला कपड्यात गुंडाळलं होतं. पण ते जवाब माझे न्हाईत. ज्या बाईनं मला नऊ वर्सांत एकदाच तोंड उघडून सांगितलं, ती तुझ्यासंग बोलंल का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. येऊन तिच्या बाजूला जमिनीवर बस आन तिलाच इचार. ऊन लागलं तर लागू दे.

कोपरा फाडताना ती एक वाक्य बोलली. सुमननं ऐकलं, मी ऐकलं. ते मी लिहिणार न्हाई. पुन्हा पत्र धाडून इचारलंस तरी लिहिणार न्हाई.

दगडोबा