माझ्या नावाची सव्वा मूठ

उषावहिनी,

कानबाईच्या रोटांचे गहू दळायला नेण्याआधी ही चिठ्ठी वाचा, म्हणून डब्यातच ठेवली आहे.

काल तुम्ही घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकत होता, ते मी पलंगावरून बघत होतो. पुरुष पाच, नावं चारच घेतलीत. लघवीची पिशवी लावलेला माणूस देवीला चालत नाही, असं हळूच म्हणालात. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, कानांचं नाही.

सकाळी पिशवी रिकामी केली, नळी मांडीला नीट चिकटवली आणि आंघोळ केली. गुरुवारी नळी निघेल. मग काही महिने गळेल, असं डॉक्टर म्हणालेत. तेव्हा लंगोट बांधीन आणि पुढच्या गॅलरीतच वाळत घालीन. ज्याला बघायचं त्याने बघावं.

आत्ता गोडादऱ्याच्या नाक्यावर कापडाच्या लूमवरच्या सोबत्यांबरोबर चहाला चाललोय, पिशवीसकट. शोधायला कोणाला पाठवू नका.

आणि माझी सव्वा मूठ मी माझ्या हाताने डब्यात टाकली आहे. काढायची असेल तर माझे दाणे कोणते, ते आधी ओळखून दाखवा.

तुमचा धाकटा दीर,
मगन