एक्केचाळिसावा अंगठा

मी, अंजनाबाई हिरालाल रामटेके, वय बाहत्तर, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त हेडक्लार्क, राहणार बुढापारा, रायपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहिते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कलम तीन वाचताना तो लागेल.

१. बँकेतली ठेव मुलगी भावना हिची. भांडीकुंडी तिला नको असतील तर गल्लीत वाटावी.

२. गल्लीतल्या सार्वजनिक विहिरीच्या अर्जांची फाईल आणि शाईचे पॅडही भावनाचेच. अर्ज कसा करायचा ते तिला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. एक पान, एक मागणी: कठडा बांधा, वर जाळी बसवा. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, आपले दुःख दिसत नाही, मतदार दिसतात; म्हणून सह्या वॉर्डातल्याच मतदारांच्या घ्याव्या. शिवी लिहू नये. मी एकदा लिहिली आणि त्यांना आयते निमित्त मिळाले. आपल्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये. पंधराव्या दिवशी पुन्हा जावे.

३. पहिल्या अर्जाच्या दिवशी समोरची सत्यभामा भाजी विकून आली. "बाई, मले बी अंगठा लावू द्या," म्हणाली. मी म्हटले, "पॅड सुकून राहिलं, उद्या ये." चाळीस सह्या झाल्या होत्या, मला तेवढ्या पुरे वाटल्या. त्याच संध्याकाळी पाणी काढताना फुटका कठडा ढासळला आणि ती आत गेली. तिला परत पाठवले, ते मला रोज खाते.

दुसरा अर्ज घेऊन गेले. पार्षदाचे कारकून भैय्यालाल यांनी सह्या मोजल्या. "दीदी, इकतालीस हैं."

मी चाळीस मोजून नेल्या होत्या. शेवटी एक अंगठा होता. ओला, मधोमध विळीचा आडवा वण. "ये किसका है?" त्यांनी विचारले. मी सत्यभामेचे नाव सांगितले. त्यांनी मतदार यादी चाळली. "हव, लिस्ट में है," म्हणाले आणि शिक्का मारला. तिचे नाव यादीतून कोणी कमी केलेच नव्हते.

तेव्हापासून एकोणीस अर्ज झाले. मी घरून चाळीस मोजून नेते, तिथे एक्केचाळीस भरतात. आता मी आदल्या दिवशीच पॅड ओले करून ठेवते. भीती वाटते, खोटे कशाला बोलू. पण एखाद्या वेळी ती आली नाही तर, याची भीती जास्त वाटते.

४. राहते घर मुलगा यशदीप याचे. "मम्मी, मरे हुए का नाम कटवाना पड़ता है," म्हणत त्याने सत्यभामेचे नाव काढायचा फॉर्म भरायला घेतला होता. मी तो फाडला, आणि वर्षभर आमचे बोलणे बंद होते. घर त्याला एका अटीवर: विहिरीला जाळी बसेपर्यंत माझे नाव यादीतून काढायला जाऊ नये. वकील म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको, आईची म्हणून पाळावी. माझ्या नावावर मत मात्र कोणी टाकू नये.

५. माझ्यामागे एकोणचाळीस सह्या उरतील. भावनाने तेवढ्याच घ्याव्या. टेबलावर मोजताना एक्केचाळीस भरल्या तर घाबरू नये, खोडू नये. पॅड तेवढे सुकू देऊ नये. मी आयुष्यभर सहीच केली आहे, पण तिकडून पेन धरता येते की नाही, मला ठाऊक नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, बरोबर आहे. खालील दोघांच्या देखत सही केली; त्यांनीही माझ्यासमोर केली.

साक्षीदार:
निरंजन बोरकर, शिक्षक
मीरा साहू, शिवणकाम

रायपूर, १४ नोव्हेंबर २०२५

सही: अंजनाबाई हिरालाल रामटेके
सोबत डाव्या अंगठ्याचा ठसा, पुढे ताडून पाहण्यासाठी.