उताराचं लाकूड

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. तू आलास की दोघांना बसायला मागच्या दारी लाकडी ओटा बांधतोय. शाळेत ज्या पायऱ्यांवर बसून आपण कविता म्हणायचो, तशाच पायऱ्या मी हौसेनं अंदाजपत्रकात धरल्या. वहिनीनं फोनवर विचारलं, "भावोजी, यांची चाकाची खुर्ची काय उडत वर जाणार?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खोटंच बोललो, "उतार धरलाय की!" आता तो होईपर्यंत हे पत्र टाकायला मला तोंड नाही.

सुतार म्हणतो, "आजोबा, आणलेल्या लाकडात उतार बसवला, तर ओट्यावर एकच खुर्ची मावेल."

म्हटलं, "बसव."

ती जागा तुझी. मी उतारावर, तुझ्या पायाशी बसेन. शाळेतही खालची पायरी माझीच होती.

तुझा विसरभोळा,
धाकटा