आठव्या क्रॉसवरचं घर

श्री
मल्लेश्वरम, बंगलोर
२४ जानेवारी १९९४

चि. चंद्रकांत यास सत्यवतीअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा खोकला स्वल्प कमी आहे हे वाचून बरं वाटलं. साठी जवळ आली तरी मफलर घे म्हणून बहिणीनंच सांगायचं का?

तुझ्या कादंबरीवरची मालिका टीव्हीवर लागल्यापासून दर रविवारी आठव्या क्रॉसच्या या गल्लीत आमच्या दाराशी माणसं असतात. कुठल्याशा साप्ताहिकानं 'कादंबरीतलं खरं घर' म्हणून फोटो छापला. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेली पुण्या-नागपूरची मुलं येतात, तांबड्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात. मी कॉफी देते. चार शब्द मराठी बोलायला मिळतं, म्हणून मलाही आवडायचं.

महिन्यापूर्वी हे ओसरीवर पेपर वाचत होते. एका मुलीनं मला विचारलं, की आजारी लेकीला इस्पितळात नेऊ न देणारा बाप तो हाच का. यांनी ऐकलं. पेपराची घडी केली आणि आत गेले. तेव्हापासून रविवारी सकाळीच पिशवी घेऊन यशवंतपूरच्या बाजाराला जातात, ते लोक पांगल्यावरच परततात. एकोणसत्तराव्या वर्षी. मला मात्र एका शब्दानं बोललेले नाहीत.

तो बाप कल्पनेतला आहे, असं कुठेतरी छापून आण. एवढं कर.

तुझी,
अक्का

*

पुणे
२ फेब्रुवारी १९९४

ति. सौ. अक्कास चंद्रकांतचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण अक्का, तो बाप कल्पनेतला आहे असं मी कसं लिहू? १९६२ साली मुलगी गेल्यावर तू मला सात पानी पत्र लिहिलंस. यांनी नेऊ दिलं नाही, हे तुझे शब्द. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे. ते वाचून मी कित्येक महिने अस्वस्थ होतो, आणि त्यातूनच कादंबरी आली. घराचं वर्णन बदलायला हवं होतं, ही चूक माझी. बाकी मी तुझ्या बाजूनं लिहिलं, असंच आजवर समजत आलो.

रागावू नकोस. माया राहू दे.

चंद्रकांत

*

मल्लेश्वरम
१४ फेब्रुवारी १९९४

चि. चंद्रकांत यास आशीर्वाद.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

त्या दुपारी मुलीचा घसा सुजून श्वास लागला होता. हे कारखान्यातून रजा टाकून आले, घोड्याचा जटका दारात उभा केला आणि तिला शालीत गुंडाळलं. मी दार अडवलं. आपली बहीण हेमलता त्याच्या आदल्या वर्षी इस्पितळातून परत आली नव्हती, तुला आठवत असेल. इस्पितळात गेलेलं माणूस येत नाही, हेच माझ्या डोक्यात बसलं होतं. काढा दिलाय, उतार पडेल, असं म्हणून मी जटका परत पाठवायला लावला. हे दोनदा म्हणाले, नेऊ या. मी पाय धरले, तेव्हा थांबले. दिवे लागायच्या आत ती गेली.

तुला मी उलटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी उठवलं नसतं. तू ते छापशील असं तेव्हा कुठे वाटलं होतं? पुस्तक आल्यावर बोलायला हवं होतं. नाही बोलले. हे समजतात, तूच मनानं रचलंस.

आता तुला योग्य वाटेल ते कर.

अक्का

*

मल्लेश्वरम, बंगलोर
७ मार्च १९९४

प्रिय चंद्रकांतराव यांस शेषगिरीचा सप्रेम नमस्कार.

नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत खरी हकिकत छापण्याबद्दल आपण हिला लिहिलेलं पत्र माझ्या हाती आलं. पाकीट मी फोडलं, क्षमा असावी. पुस्तकात तसं लिहिण्याचं मूळ हिच्या तेव्हाच्या पत्रात होतं, हे मला त्यातूनच कळलं. दोन दिवस जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू?

पण छापू नका. लोक उद्या हिच्याकडे बोट दाखवतील. त्या वेळी कुणाला तरी दोष दिल्याशिवाय ही जगली नसती. मी जवळ होतो, म्हणून माझ्यावर आला. आणि मी तरी जटका का जाऊ दिला?

बाजारात जायला मला काही त्रास नाही. आपलं पत्र मी पुन्हा चिकटवून हिला दिलं आहे. मी ते वाचलं हे मात्र हिला कळवू नये, ही विनंती. प्रकृतीला जपावं.

आपला,
शेषगिरी

*

मल्लेश्वरम
४ एप्रिल १९९४

चि. चंद्रकांत यास आशीर्वाद.

प्रस्तावना नको. तुझ्या पुस्तकातून मला हे सांगायचं नाही.

काल सातआठ जण आले होते. त्यांतल्या एकानं पुन्हा त्या बापाचा विषय काढला. मी कॉफीचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "त्यांनी नाही अडवलं. मी अडवलं. मी तिची आई." मग बघते तो हे फाटकाशी उभे. बाजारातून लवकर परतले होते. सगळं ऐकलेलं होतं.

मला वाटलं, मागच्या मागे निघून जातील. ते पायऱ्या चढून आले, भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि त्या मुलांना बसा म्हणाले. स्वतःही खुर्ची ओढून बसले. म्हणाले, पुस्तकात मुलीचं नाव वेगळं आहे. "आमच्या मुलीचं नाव कस्तुरी."

चंद्रकांत, बत्तीस वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. मग ती कशी बोलायची, काय खायची, हे त्या अनोळखी मुलांना सांगत राहिले. मी दाराला टेकून ऐकत होते. त्यातलं कितीतरी मी विसरले होते.

सवडीनं ये. आम्ही दोघंही वाट बघतो.

तुझी,
अक्का