गुरुवारच्या दोन पानांबाबत

अर्जदार :
कवडू दादाजी रामटेके,
सेवानिवृत्त शालेय लिपिक,
मु. पो. दिघोरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा.
दिनांक : २२ फेब्रुवारी २०२३
(परिच्छेद १० पुरता दि. २३ फेब्रुवारी २०२३ वाचावा.)

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
दुर्मिळ ग्रंथ संगणकीकरण प्रकल्प,
भंडारा.

विषय : माझ्याकडील ‘तलाव, बोड्या व त्यांतील मासे’ (छापील, सन १९२६) या पुस्तकाची, त्याच्या मोबाईलवरील आवृत्तीमुळे घटलेली किंमत ठरवून मिळणेबाबत, तसेच सदर आवृत्ती मागे घेणेबाबत, तेही शक्य नसल्यास ती निदान गुरुवारी बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : १) पुस्तक छायांकनासाठी द्यावे असे आपल्या कार्यालयाचे विनंतीपत्र.
२) त्यावरील माझे संमतिपत्र, जे मी त्याच दिवशी, कोणी घाई केलेली नसताना दिले.

महोदय,

१. मी चौतीस वर्षे शाळेत लिपिक होतो. त्या काळात गावातील अनेकांचे अर्ज लिहून दिले. स्वतःसाठी लिहिलेला हा पहिलाच. त्यामुळे हा विषय आपल्या अखत्यारीत येतो की नाही याची मला खात्री नाही. येत नसल्यास तसे कळवावे, मी लगेच माघार घेईन. किंबहुना न कळवताही मी माघार घेण्याच्या बेतात दोनदा होतो.

२. सदर पुस्तक माझ्याकडे कसे आले ते प्रथम नमूद करतो. गावात पूर्वी एक खाजगी वाचनालय होते. जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया वेगळा झाला त्याच सुमारास ते बंद पडले व कपाटे रिकामी करण्यात आली. या पुस्तकात एकूण एक्केचाळीस तलावांची व काही बोड्यांची, म्हणजे शेतांतील लहान तळ्यांची, माहिती असून त्यांपैकी एकोणीस तलाव नव्या जिल्ह्यात गेले. पुस्तक कोणत्या जिल्ह्यात ठेवावे यावर वाचनालयाच्या सभेत दोन तास चर्चा झाली. निर्णय न झाल्याने अध्यक्ष म्हणाले, “रामटेके बाबूले देऊन टाका, ते कोणाशी भांडत नाही.” तशी चिठ्ठी सोबत जोडली आहे. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर ‘एक अनुभवी गृहस्थ’ एवढेच आहे. दुसरी प्रत कोठे असल्याचे ऐकिवात नाही.

३. पुस्तक नाजूक असल्याने मी काही नियम केले. (अ) पुस्तक घरी नेता येणार नाही. (ब) हात साबणाने धुवावेत. (क) तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात ठेवून पुस्तकाजवळ येऊ नये. (ड) एका वेळी दोनच पाने वाचावीत. शेवटचा नियम बांधणीवर ताण येऊ नये म्हणून आहे असे मी सर्वांना सांगत आलो. तो करण्यामागे आणखीही एक कारण होते, परंतु ते अर्जात नमूद करण्याइतके महत्त्वाचे नाही.

या नियमांमुळे बहुतेक लोक पहिल्या भेटीनंतर आले नाहीत. अपवाद श्री. सुखराम कापगते, शेतकरी, आमच्याच गावचे. ते दर गुरुवारी बाजार करून येत, भाजीची पिशवी दाराशी टेकवत, खर्रा थुंकून येत, हात धूत आणि ओळीखाली बोट धरून दोन पाने वाचत. मग चहा होई. मग पाऊसपाण्याचे बोलणे होई, किंवा होत नसे. आम्ही दोघेही फारसे बोलके नाही. रोवणी आणि कापणीचे दिवस वगळता हा क्रम बावीस वर्षे चालला. या हिशेबाने त्यांचे पुस्तक अकरा वेळा वाचून झाले असून बारावी फेरी सुरू होती. वास्तविक सुखराम यांचे घराणेच तलाव बांधणाऱ्यांचे. माशांबाबत जे त्या अनुभवी गृहस्थांना ठाऊक नव्हते तेही त्यांना ठाऊक आहे. तरी ते दर वेळी म्हणत, “मांगचं इसरलो, बाबूजी. वय झालं न.” मी त्यांना कधी काही विचारले नाही.

४. गेल्या वर्षी आपले पत्र आले. माझ्याकडील वस्तूबाबत शासकीय कागदावर कोणी लिहिण्याची ही पहिलीच वेळ असल्याने मी भारावलो व संमती दिली. आपल्या प्रकल्पाचे श्री. मनिष हे कॅमेरा घेऊन घरी आले. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी सांगण्याआधीच हात धुतले. पाने मी उलटत होतो, बटण ते दाबत होते. त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही, उलट परिच्छेद ९ मध्ये एक कबुली आहे.

५. डिसेंबरमध्ये पुस्तक मोबाईलवर आले. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी, दि. २२ डिसेंबर रोजी, सुखराम आले नाहीत. ताप असेल असे मला वाटले. पुढच्या गुरुवारीही आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात पिठाच्या गिरणीवर भेट झाली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : “बाबूजी, तुमचं पुस्तक आता माह्या खिशात हाये. पोट्टीनं मोबाईलमंदी टाकून देल्लं. आता तुमाले तरास नाही, मले साबण नाही.” मग त्यांनी पान बत्तीसवरील मरळ मासा दोन बोटांनी ताणून वीतभर केला आणि गिरणीतील सर्वांना दाखवला. माझ्या पुस्तकात तो मासा शहाण्णव वर्षे नखाएवढाच आहे. मी “छान दिसतो” असे म्हणालो व दळण न घेताच घरी आलो. दळण दुसऱ्या दिवशी आणले.

६. तेव्हापासून पुस्तकाची किंमत घसरू लागल्याचे पुरावे पुढीलप्रमाणे.
पूर्वी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत गावात पाहुणे आले की त्यांना आमच्या घरासमोरून नेताना लोक सांगत, इथे ते पुस्तक आहे. आता आमच्या घरासमोर उभे राहून मोबाईलवर दाखवतात आणि पुढे जातात. परवा एका पाहुण्यांनी तर मला त्यांचा फोटो काढायला सांगितले, मागे आमचे दार येईल असा. दार बंद असलेले बरे दिसेल असेही म्हणाले. मी दार लावून घेतले व स्वतः बाहेर राहिलो.
साबणाची एक वडी पूर्वी दीड महिना जात असे. सध्याची वडी डिसेंबरपासून तशीच आहे.
पुस्तकाला लागणारी कसर मी गेली कित्येक वर्षे कडुलिंबाचा पाला ठेवून आटोक्यात ठेवली होती. जानेवारीपासून ती आपोआप नाहीशी झाली. माझी पत्नी सौ. शकुनबाई म्हणते, “त्याले आता किडाबी इचारत नाही.” हे तिने थट्टेने म्हटले असले तरी मी रात्री उठून पाहिले. खरोखरच नव्हता.

७. तज्ज्ञांचे मत घ्यावे म्हणून मी नागपूरच्या एका जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांशी संपर्क साधला. सन २०१७ मध्ये ते पुस्तक विकत मागण्यासाठी आले होते व त्यांनी दोन वेळा हात धुतले होते. त्यांनी मोबाईलवर उत्तर पाठवले, “आता ते ऑनलाइन आहे. बघू.” एका तासाने दुसरा संदेश आला, “पण विकणार असाल तर आधी मला सांगा.” यांतील कोणता संदेश ग्राह्य धरावा अशी मी नम्रपणे विचारणा केली. तेव्हा त्यांनी फोन करून समजावले की, मोबाईलवर आल्याने पुस्तकाची किंमत कमीही होते आणि वाढतेही. ज्याला नुसते वाचायचे आहे तो आता छापील प्रत शोधणार नाही. ज्याला जवळ ठेवायची आहे तो मात्र अधिक शोधील, कारण सगळ्यांकडे चित्र असताना मूळ वस्तू एकाकडेच असते. “तुम्हाला वाचणारे गिऱ्हाईक कशाला हवे, रामटेके साहेब,” असे ते म्हणाले.
यावर मी विचार केला. मला ठेवणारे गिऱ्हाईक एक मिळते आहे. वाचणारे एकच होते, ते गेले. तेव्हा एकूण नफा झाला की तोटा, हे माझ्याने ठरवणे झाले नाही. आपल्या कार्यालयाने पंचनामा करून ते ठरवून द्यावे.

८. आवृत्ती मागे घेणे अडचणीचे असल्यास मोबाईलवरील पुस्तकास छापील पुस्तकाचेच नियम लागू करावेत, म्हणजे स्पर्धा समान पातळीवर येईल. उदाहरणार्थ :
मोबाईल ओला असल्याशिवाय, म्हणजे वाचकाने नुकतेच हात धुतल्याची खात्री झाल्याशिवाय, पुस्तक उघडू नये.
दोन पानांनंतर ते आपोआप मिटावे व सात दिवस उघडू नये.
चित्रातील मासे ताणता येऊ नयेत.
पावसाळ्यात पाने किंचित फुगावीत.
यांतील काही मागण्या तांत्रिकदृष्ट्या अवघड असतील याची मला कल्पना आहे. शेवटची तर मला स्वतःलाच पटत नाही. परंतु लिहिली गेली आहे आणि खाडाखोड केलेला अर्ज मी आजवर कोणाला दिलेला नाही.
हा परिच्छेद मी वाचून दाखवला असता सौ. शकुनबाईंनी पुढील अभिप्राय दिला : “भंडाऱ्याच्या साहेबाले चार पानं लिहून राहिले, अन् सुखरामभाऊचं घर दोन गल्ल्यांवर हाये. जा न, म्हणा, चहा प्यायले या. कायले लाजता?” हा अभिप्राय रास्त आहे. तथापि निमित्ताशिवाय कोणाच्या घरी जाऊन ‘या’ म्हणणे मला या वयात सुरू करता येईलसे वाटत नाही. ते विचारतील, काहून? मग मी काय सांगू?

९. आता कबुली. छायांकनाच्या वेळी पान ८५ नंतर माझ्या हातून दोन पत्रे एकदम उलटली गेली. श्री. मनिष यांनी बटण दाबले. मला ते लगेच लक्षात आले. परंतु एवढ्या सभ्य माणसाला दाबलेले बटण पुन्हा दाबायला लावणे मला प्रशस्त वाटले नाही, आणि पुढचे पान तोवर उलटायचे होते. त्यामुळे मोबाईलवरील पुस्तकात पृष्ठे ८६ व ८७ नाहीत. पृष्ठ ८५ च्या अखेरीस मरळ मासा तलावाच्या पाळीजवळच्या चिखलात शिरतो आणि पृष्ठ ८८ च्या पहिल्या ओळीत चुलीवरच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, त्याचे कालवण उकळत असते. तो हाताने कसा धरावा याची सविस्तर कृती मधल्या दोन पानांत आहे. ही चूक पूर्णतः माझी आहे, प्रकल्पाची नाही. प्रामाणिकपणास धरून विनंती की, श्री. मनिष यांना पुन्हा पाठवून ती दोन पाने जोडून घ्यावीत. पुस्तक मागे घ्यावे आणि दुरुस्तही करावे, या दोन मागण्या एकमेकींना मारक आहेत हे मला दिसते. दोन्ही तूर्त राहू द्याव्यात.

१०. (दि. २३ फेब्रुवारी, गुरुवार.) वरील अर्ज आज टपालात टाकावयाचा होता. पाकीट बंद करण्यापूर्वी पुढील घटना घडल्याने हा परिच्छेद वाढवत आहे.
दुपारी बाजार उठल्यावर दाराशी पिशवी टेकवल्याचा आवाज आला. सुखराम होते. त्यांनी खर्रा बाहेरच थुंकला. मी काही विचारण्यापूर्वी ते सरळ मोरीवर गेले व हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग मोबाईल खाटेवर ठेवून म्हणाले, “हे खिशातलं पुस्तक खोटं हाये, बाबूजी. मासा चिखलात गेला अन् एकदम गंजात निघाला. मधात धरला कोणं?”
मी पुस्तक काढले. पृष्ठ ८६ उघडून दिले. साठ वर्षे बोडीत उतरून मरळ धरणाऱ्या त्या गृहस्थांनी मरळ धरण्याची कृती ओळीखाली बोट धरून वाचली. पान ८७ संपले. मग चहा झाला. पावसाचे बोलणे झाले नाही, कारण फेब्रुवारी आहे. शकुनबाई चुलीपाशी उगाच भांडी वाजवत होती.
निघताना त्यांनी पिशवी उचलली, मोबाईल सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दारातून म्हणाले, “बरं, बाबूजी. आता अठ्ठ्याऐंशी पुढच्या गुरुवारी.”
पृष्ठ ८८ व त्यापुढील सर्व पृष्ठे त्यांच्या खिशातील मोबाईलवर व्यवस्थित उपलब्ध आहेत. ही बाब मी त्यांच्या निदर्शनास आणून दिली नाही.

सबब विनंती की : विषयातील व परिच्छेद ८ मधील सर्व मागण्या रद्द समजाव्यात. परिच्छेद ९ मधील दुरुस्तीची विनंती मागे घेत आहे, श्री. मनिष यांना पाठवू नये, ते आल्यास मला नाही म्हणता येणार नाही. पुस्तकाची किंमत ठरवण्याची आवश्यकता उरलेली नाही, ती मला आज दुपारी कळली. पुस्तक विकावयाचे नाही असे नागपूरच्या गृहस्थांना मी कळवत आहे. हा अर्ज कोणतीही कार्यवाही न करता दप्तरी दाखल करावा. कार्यवाही करणे नियमाने अपरिहार्यच असेल, तर ती गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी करावी. गुरुवारी मी घरी असतो, पण मोकळा नसतो.

आपल्या वेळेचा अपव्यय केल्याबद्दल दिलगीर असलेला,
आपला नम्र,

(सही)
कवडू दादाजी रामटेके

सोबत :
१) वाचनालयाच्या अध्यक्षांची चिठ्ठी, सत्यप्रत.
२) साबणाची वडी, पुरावा क्रमांक २. (आज वापरात आल्याने पाठवू शकत नाही. क्षमस्व.)
३) पृष्ठे ८६ व ८७ यांची हस्तलिखित नक्कल, केवळ आपल्या वैयक्तिक माहितीसाठी. मासा कसा धरला हे न कळता आपणास राहावे लागू नये म्हणून. कृपया पुढे कोणास दाखवू नये.