शाळा चालू राहील

१७ जानेवारी २०१७, मंगळवार

मैथिलीचं कोपर मोडलं. उजवं. उद्या सकाळी ऑपरेशन, आत तारा घालणार आहेत. औषधानं तिला गुंगी आलीये. तिचा बाबा, गुरुदत्त, कपडे आणायला घरी गेलाय. मी तिच्या पलंगाशेजारी बसून हे लिहितेय, कारण लिहिलं नाही तर किंचाळेन.

पहाटे पाऊस पडला आणि जमिनीला टेकल्या टेकल्या गोठला. ग्लाटआईस म्हणतात जर्मनीत त्याला. खिडकीतून बघितलं तर अख्खा रस्ता काचेचा. मी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिकेनंच उचलला — फ्राऊ आइग्नर.

"शाळा चालू राहील, फ्राऊ बापट. इथली मुलं या हवेत चालायला शिकतात."

इथली मुलं!

आज गणिताची परीक्षा होती. चौथीचं वर्ष. वसंतापर्यंतच्या मार्कांवर ठरतं कोण ग्युम्नाझिउमला, म्हणजे हुशार मुलांच्या हायस्कूलला, जाणार आणि कोण नाही. म्हणून पाठवली. तिच्या वर्गातली येलेना नेहमीसारखी खाली थांबली होती, दोघी हात धरून गेल्या. चर्चच्या उतारावर मैथिली घसरली. येलेना तिच्याशेजारी बर्फावर बसली, स्वतःचा कोट काढून तिच्यावर घातला, आणि माणूस दिसेपर्यंत ओरडत राहिली. नऊ वर्षांची पोर.

दुपारी आइग्नरबाई आल्या दवाखान्यात. चॉकलेट घेऊन. मी म्हटलं, "मी तुम्हाला फोन केला होता."

"हो. पण रस्ता धोक्याचा वाटला तर मुलाला घरी ठेवायची मुभा प्रत्येक पालकाला असते. निर्णय तुमचा होता."

कॉरिडॉरमध्ये नर्स होती, एक म्हातारा होता, गुरुदत्त होता. सगळ्यांसमोर म्हणाली. शांतपणे.

मी चॉकलेट तिथेच खुर्चीवर ठेवलं. बघते तुला.

१९ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. प्लास्टर मार्चपर्यंत. डॉक्टर म्हणाले, हात पूर्ण सरळ होईल का ते नंतर कळेल. "नंतर" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मैथिली डाव्या हाताने नाव लिहून बघत होती. मी म्हटलं, राहू दे गं बाळा. "लास मिष, मामा," म्हणाली. सोड मला, आई. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. रडणं मात्र अजून मराठीत आहे तिचं. काल "आई गं" म्हणत होती.

२३ जानेवारी

सुलेखा आली. इथे आम्ही दोनच मराठी घरं, आणि ती पालक समितीवर आहे — बरंच झालं. तिला सांगितलं, अर्ज करायचा. रस्ते गोठले की शाळा बंद, आणि आइग्नरबाईंच्या वागण्याची चौकशी.

"बंद ठेवायचं मान्य आहे मला," सुलेखा म्हणाली. "चौकशी कशाला? अगं, रिटायर व्हायला आल्यात त्या."

"म्हणूनच घाई आहे."

तिनं चहा तसाच ठेवला. "विभावरी, तुला नक्की काय हवंय? शाळा बंद की बाई बंद?"

दोन्ही. पण तिला म्हटलं, "मुलांची सुरक्षितता." अर्जातही तसंच घातलंय. माझं जर्मन इतकं चांगलं आहे हे मलाच माहीत नव्हतं. रागाला व्याकरण बरोबर येतं.

२७ जानेवारी

शाळेच्या फाटकापाशी सह्या घेतल्या. थंडीने बोटं सुजली, पण लोक थांबून थांबून करत होते. एका आजोबांनी माझा हात हातात घेतला. बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

सही एकीनंच केली नाही. येलेनाच्या आईनं.

फ्राऊ मार्कोविच. एकटी आहे, वृद्धाश्रमात काम करते, बऱ्याचदा पहाटेची पाळी. कागद पूर्ण वाचला तिनं. मग परत दिला.

"मैथिलीचं ऐकून मी रडले, फ्राऊ बापट. पण ही सही मी नाही करू शकत. शाळा बंद झाली तर येलेनाला ठेवू कुठे? माझ्या वॉर्डात म्हातारी माणसं पलंगातून उचलून बसवायची असतात. आज बर्फ आहे, पडून राहा, असं त्यांना सांगता येत नाही."

"म्हणजे आमच्या पोरींची हाडं मोडली तरी चालतील?"

"तसं नाही म्हणाले मी. शाळेत कोणीतरी मोठं माणूस असतं, एवढंच म्हणायचंय."

मी हसले. "गेनाऊ," म्हटलं. अगदी बरोबर. आणि कागद घेऊन पुढच्या बाईकडे वळले.

माझी मुलगी तुझ्या मुलीचा हात धरून चालत होती त्या दिवशी. आणि तू सही करत नाहीस. लक्षात ठेवीन.

२ फेब्रुवारी

पालकसभा. सगळं लिहून ठेवायचंय, एक शब्दही विसरायचा नाही.

हॉल भरला होता. आइग्नरबाई करडा स्वेटर घालून एकट्या टेबलामागे. आधी सुलेखानं अर्ज वाचला, माझ्याकडे न बघता. मग बाई बोलल्या.

"शाळा बंद केली तरी काही मुलं येणारच. आईबाप निरोप मिळायच्या आधी कामाला गेलेले असतात. त्या मुलांसाठी दार उघडं आणि खोली गरम असायला हवी. आणि जी येणार नाहीत ती कुठे असतील, हे मला माहीत नसेल. तुम्हालाही नसेल."

काही जण माना हलवायला लागले. माना! मग मी उठले. गुरुदत्तला सांगितलं नव्हतं — पेन ड्राइव्हवर एक्स-रे आणला होता. प्रोजेक्टरनं भिंतीवर लावला. माझ्या मुलीचं कोपर, दाराएवढं मोठं, मोडलेलं हाड बाजूला सरकलेलं.

"ही इथली मुलगी नाही का, फ्राऊ आइग्नर?"

कोणीतरी "ओ गॉट" म्हणालं, अरे देवा. बाईंचा चेहरा पांढरा पडला. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मी उभीच राहिले. बसायची घाई नव्हती मला.

शेवटी म्हणाल्या, "बरं. पुन्हा असा बर्फ झाला तर शाळा पूर्ण बंद ठेवावी, दारही उघडू नये, अशी शिफारस मी वर करीन. तुमची तशीच इच्छा असेल तर."

तशीच आहे.

मागच्या रांगेत फ्राऊ मार्कोविच कामाच्या पांढऱ्या बुटांतच बसली होती. 

गाडीत गुरुदत्तनं आधी काच पुसली. मग, "एक्स-रे दाखवायची गरज होती का?"

"होती."

"मैथिलीला विचारलं होतंस?"

मी रेडिओ लावला.

३ फेब्रुवारी

किती दिवसांनी गाढ झोपले.

७ फेब्रुवारी

डाव्या हाताने दिलेल्या गणिताच्या परीक्षेत मैथिलीला चार. पुण्याला सासूबाईंना वाटलं चार म्हणजे पाचापैकी चार. इथे एक म्हणजे उत्तम हो आई, आणि चार म्हणजे कसंबसं पास, असं पुन्हा समजावलं. "मग बाईंना भेट ना," म्हणाल्या. भेटले आई, चांगली भेटले.

येलेना रोज दुपारी येते. मैथिली तोंडी सांगते, ती लिहून देते. गणितं सोडवता सोडवता दोघी खिदळतात. येलेनाला माझी साबुदाण्याची खिचडी आवडते, मिरच्या बाजूला काढून खाते. पोरीवर माझा राग नाही.

आई तिला न्यायला येते तेव्हा मी दारातच उभी राहते. आत या म्हणत नाही. आज जिन्यात उभी होती, पाळी करून आलेली, भिंतीला टेकून. मैथिलीनं विचारलं, "वारूम कॉम्ट झी निष्ट राइन?" ती आत का येत नाही?

"तिला घाई असते," मी म्हटलं.

तिला काहीही घाई नव्हती.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकले.

पहाटेपासून पुन्हा तोच पाऊस, तोच काचेचा रस्ता. आणि फोनवर शाळेची मेल — आज शाळा बंद, इमारत उघडली जाणार नाही. खाली सही: आइग्नर. दोनदा वाचली. गुरुदत्त आठवडाभर म्युनिकला, नाहीतर त्यालाही वाचायला लावली असती. पालकांच्या ग्रुपवर फुलं, हात जोडलेले, "धन्यवाद फ्राऊ बापट." आजपर्यंत त्या ग्रुपवर माझं नाव कोणी धड लिहिलं नव्हतं.

मग फोन वाजला. फ्राऊ मार्कोविच. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी म्हातारं माणूस हाक मारत होतं.

"मी कामावर आहे. मेल आली तेव्हा बसमध्ये होते. परतीच्या बस बंद झाल्यात. येलेना घरी एकटी आहे, घाबरलीये. तुम्ही तिला तुमच्याकडे आणाल का? दोन गल्ल्या तर आहेत. माझी पाळी संपेपर्यंत फक्त."

 तिला थांबू दिलं. त्या जिन्यात थांबायची तशी.

मग म्हटलं, "तुम्हाला शाळा उघडी हवी होती ना, फ्राऊ मार्कोविच? मग फ्राऊ आइग्नरना विचारा."

मागे ते म्हातारं माणूस पुन्हा हाक मारत होतं. मग, "फेरश्टेहं." समजलं. आणि फोन ठेवला.

मैथिलीनं विचारलं कोण होतं. राँग नंबर म्हटलं. कांदेपोहे केले, वर लिंबू पिळलं. आम्ही दोघी मागच्या गल्लीकडच्या खिडकीपाशी बसून खातोय. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. असा दिवस मी मिळवलाय.

१५ फेब्रुवारी

येलेना अजून शुद्धीवर आलेली नाही. काल ती आपली आपणच आमच्याकडे यायला निघाली होती. आमच्या इमारतीच्या बाहेरच्या पायऱ्यांवर, उतरताना पडली. डोक्यावर. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना दिसली तेव्हा तिचे केस बर्फाला चिकटले होते.

फ्राऊ मार्कोविच दवाखान्यात तिच्या उशाशी बसून आहे. मी फोनवर काय म्हणाले, ते तिनं अजून कोणालाही सांगितलेलं नाही. सुलेखाला नाही, आइग्नरबाईंना नाही. मला बघून उठली आणि खुर्ची दिली.

पोहे खाताना बेल वाजली होती. दोनदा. मला वाटलं, तिच्या आईनंच कोणाला तरी विनवणी करायला पाठवलंय. वाजू दे, मैथिलीला म्हटलं. हे तर तिलाही माहीत नाही.